विसाव्यालाही मार्क असतात का?

पत्राचा सारांश: लेखिका ४३ वर्षांच्या, पुण्याच्या पूर्व भागात राहणाऱ्या, एका खासगी शाळेत पर्यवेक्षिका. मूळ गाव नगर जिल्ह्यात. घराणं आजोबांच्या पिढीत ख्रिस्ती झालं. वडील बोर्डिंगात राहून शिकले आणि शिक्षक होऊन पुण्यात आले. ‘आपल्याला दुप्पट करून दाखवावं लागतं’ हे त्यांचं वाक्य ऐकत त्या वाढल्या. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अकरा वर्षं रविवारच्या शाळेची जबाबदारी, महिला मंडळाचं सेक्रेटरीपद, शिवाय क्वायर. वर्षभर झोप नीट नाही. यंदा नाताळचा मुलांचा कार्यक्रम एका तरुण बाईंकडे दिला गेला, तेव्हा पोटात आग पडली. बारावीत मुलीला ८१ टक्के मिळाले, तेव्हा दोन दिवस त्या तिच्याशी नीट बोलल्याही नाहीत. मुलगी म्हणाली, “आई, तू देवळातसुद्धा निकाल लावत असतेस.” त्या विचारतात: गर्व मोडायला किती दिवसांचा उपास करावा? सगळ्या जबाबदाऱ्या सोडाव्यात का? आठ दिवसांची मौन साधना करू का? आणि धडपड सोडली तर मी उरणार तरी कोण?

ताई, सलाम.

उपासाचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. नको. निदान या वर्षी तरी नको. लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, आठवड्यातून दोनदा उपास करायचा आणि मंदिरात उभा राहून देवाला त्याची आठवणही करून द्यायचा. उपासात खोट नाही. पण वर्षभर झोप नसलेल्या बाईने गर्व मोडायला सात दिवस उपास धरला, तर आठव्या दिवशी तिच्या हातात आणखी एक प्रशस्तिपत्रक असतं. योहान कॅसियन नावाच्या जुन्या काळच्या संन्याशाने कीर्तीच्या हव्यासाला वडीलधाऱ्या संन्याशांनी दिलेली कांद्याची उपमा नोंदवली आहे: एक पापुद्रा काढला की खाली दुसरा. इतर विकार हरले की दुबळे होतात, हा मात्र हरवल्यावर जास्त जोमाने उठतो, असंही त्याने लिहून ठेवलं आहे. त्याच्यासमोर मठातली माणसं होती. रविवारची शाळा चालवणाऱ्यांनाही हे तंतोतंत लागू पडतं.

आता ‘गर्व’ या शब्दाकडे येऊ. तो तुमच्या पत्रात नऊ वेळा आला आहे आणि त्यात तुम्ही बरंच काही कोंबलं आहे. वडिलांचं ‘दुप्पट’ हे वाक्यही त्यातच घातलंत. ते बाहेर काढा. ज्या घरांना शाळेचं दार बंद होतं, पाणवठा बंद होता, त्या घरातल्या मुलाने बोर्डिंगात राहून शिकणं आणि दुसऱ्यांच्या मुलांना शिकवण्याइतकं ताठ उभं राहणं, याचा पश्चात्ताप करायचा नसतो. आपल्या मंडळ्यांत ‘लीन व्हा’ हा उपदेश बऱ्याचदा चुकीच्या माणसांना केला जातो. बायकांना, गरिबांना, खालच्या मानलेल्या जातींतून आलेल्यांना. म्हणजे जे आधीच वाकलेले आहेत त्यांना. तो उपदेश तुम्ही स्वतःला करू नका.

पण ते वाक्य वडिलांनी ज्यांच्यासाठी तयार केलं होतं, ती माणसं दार अडवून उभी होती. तुम्ही तेच वाक्य देवळात घेऊन गेलात, प्रभूसमोरही तेच म्हणत उभ्या राहिलात, आणि आता ते मुलीच्या हातात ठेवलंत. तिचं दार कोणी अडवलेलं नाही, निदान घरात तरी नाही.

‘दुप्पट’ हा शब्द पवित्र शास्त्रात एका फार गमतीदार ठिकाणी येतो. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात रानातल्या इस्राएलांना रोज माणशी एक ओमर मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, मिळायचा; ओमर म्हणजे साधारण दोन लिटरचं माप. जास्त साठवला की किडे पडायचे. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळायचा, माणशी दोन ओमर, आणि तो नासायचा नाही. कशासाठी? सातव्या दिवशी बाहेर पडावं लागू नये म्हणून. तरीही काही जण सातव्या दिवशी टोपल्या घेऊन निघालेच आणि हात हलवत परतले. अख्ख्या गोष्टीत मला या लोकांबद्दल सगळ्यात जास्त माया वाटते. चारशे वर्षं मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, विटांचा हिशेब देत राहिलेल्या घरांतली माणसं ती. एक दिवस काम केलं नाही तर खायला मिळेल, यावर त्यांचा विश्वास कसा बसावा? पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात शब्बाथाचं, म्हणजे सातव्या दिवसाच्या विसाव्याचं, कारण हेच दिलं आहे: तू मिसरात दास होतास याची आठवण ठेव. दासाला सुट्टी नसते. वडिलांनी दुप्पट करून दाखवलं. तुमच्या वाट्याला ते दुप्पट आलेलं आहे. त्यावर एक दिवस बसून खाता येतं.

दुसरी गोष्ट, तुम्ही विसाव्याचा अर्थ काम थांबवणं असा घेतला आहे आणि म्हणून घाबरला आहात. पुण्यात राहणाऱ्या माणसाला खरं तर हा शब्द समजावायला नको. पालखी भवानी पेठेत किंवा नाना पेठेत येते तो मुक्काम. वाटेत थोडा वेळ टेकते तो विसावा. वारकरी पिशवी खाली ठेवतो, पाणी पितो आणि पुन्हा चालू लागतो. मत्तयच्या ११व्या अध्यायात ख्रिस्त कष्टी आणि भाराक्रांत लोकांना ‘विसावा देईन’ म्हणतो आणि पुढच्याच दमात ‘माझे जू घ्या’ म्हणतो. बसून राहा असं म्हणत नाही. ते जू ‘सोयीचे’ आहे म्हणतो. मूळ ग्रीक शब्द ख्रेस्तोस, म्हणजे भलं, मायाळू, न बोचणारं. बोलणारा सुतार होता हे लक्षात घ्या. जुवाची कड खडबडीत राहिली, मानेला नीट बेतलं नाही, तर बैलाचा खांदा सोलवटतो आणि ओझं रोजचंच असूनही बैल खाली बसतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला खेड्यात बैलाच्या खांद्यावरून हात फिरवतात, तेव्हा कुठे दुखतं ते लगेच कळतं.

तुमचा खांदा कुठे सोलवटला आहे? रविवारी पस्तीस मुलांना दाविदाची गोष्ट सांगताना नाही. ते तुम्हाला आवडतं, हे पत्रातून दिसतं. सोलवटतं ते त्याच वेळी डोक्यात चालू असलेल्या दुसऱ्या कामाने: कोण बघतंय, मागच्या वर्षीपेक्षा मुलं कमी का आली, पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, उपासनेत नाव घेतलं का. पगार एका नोकरीचा आणि राबणं दोन नोकऱ्यांचं.

‘मी उरणार कोण’ हा तुमचा शेवटचा प्रश्न मला पत्रातला सगळ्यात प्रामाणिक वाटला. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशवाणी होते, तू माझा प्रिय पुत्र आहेस. त्या क्षणापर्यंत मार्कच्या शुभवर्तमानात येशूने एकही चमत्कार केलेला नाही, एक प्रवचन दिलेलं नाही. निकाल आधी, काम नंतर. आपण बाप्तिस्मा घेतलेली माणसं हे पाठ म्हणतो आणि सोमवारी सकाळी उलटं जगतो. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात, आणखी पुढे जातो: तुम्ही माझा न्याय केलात काय किंवा माणसांच्या न्यायासनाने केला काय, मला त्याचं फारसं काही नाही, मी स्वतःचाही करत नाही. या शेवटच्या तुकड्यावर थोडं थांबा. इतरांच्या मताची पर्वा करू नका असं कोणीही सांगतं. पौल स्वतःला नापास करण्याचा अधिकारही सोडून देतो. तुमचं रात्री दोन वाजताचं ‘मी किती गर्विष्ठ आहे’ हेही एक न्यायासनच आहे, आणि त्यावर तुम्हीच बसला आहात.

आपल्याच पुणे जिल्ह्यातलं एक उदाहरण सांगते. पंडिता रमाबाईंना विशीतच, १८७८ साली, कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या कहाणीत, त्या म्हणतात की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता. तो मिळायला आणखी आठ वर्षं गेली. इतकी बुद्धी, इतका अभ्यास, आणि तरी आठ वर्षं! पुढे १८९३ मध्ये पुण्यात त्यांच्या शारदा सदनावर, म्हणजे मुलींच्या निवासी शाळेवर, गदारोळ झाला, सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. नाव गेलं, काम राहिलं. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, आणि उतारवयात हिब्रू व ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणण्याचं काम त्यांनी १९२२ मध्ये मरेपर्यंत केलं. विसावा मिळालेल्या बाईचं हे कामाचं वेळापत्रक. तेव्हा धडपड सोडली की आपण निकामी होऊ, ही भीती बाजूला ठेवा.

आता करायचं काय.

झोप पहिली. ‘१ राजे’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही; भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, पुन्हा उठवून खायला घालतो. ‘तू येथे काय करत आहेस?’ हा प्रश्न चाळीस दिवसांनी होरेब डोंगरावर येतो. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप बिघडलेली आणि असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. तुमचं वर्ष झालं. तुमच्या वयात थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, पाळीतले बदल डॉक्टरांना सांगा. दुपारी चारनंतर चहा बंद. पहाटे तीनला जाग येऊन सगळं व्यर्थ वाटत असेल, दोन आठवड्यांहून जास्त मन कशातच लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी फोन चोवीस तास चालू असतो. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. हे काही मंडळ्यांत अजून मोठ्याने सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं.

मग सुट्टी. तुमचा रविवार मी पत्रावरून मांडून पाहिला: साडेसातला क्वायरची प्रॅक्टिस, उपासना, मुलांचा वर्ग, कमिटी, घरी यायला दीड, मग स्वयंपाक, संध्याकाळी सोमवारची तयारी. हा शब्बाथ नाही, ही ओव्हरटाइम आहे. अख्खा दिवस एकदम मागू नका. रविवारी दुपारी दोन ते रात्री आठ, असे सहा तास, सहा आठवडे. शाळेच्या वह्या शनिवारी रात्री कपाटात. मंडळीच्या ग्रुपसकट सगळे व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट, आणि तातडीचं असेल तर फोन करा हे आधीच कळवलेलं. दुपारचं जेवण शनिवारी अर्धं करून ठेवलेलं, रात्री मऊ खिचडी, तीही तुम्ही लावायची नाही. वॉशिंग मशीनला हात नाही. झोपा, बंडगार्डनला नदीकाठी चालून या, ज्याचा काही उपयोग नाही असं काही वाचा.

बिघडतं कुठे तेही सांगते. पहिल्या दोन-तीन रविवारी तिसऱ्या तासाच्या सुमारास जीव कासावीस होतो, डोकं दुखतं, घरच्यांवर चिडचिड होते. म्हणजे जमत नाही असं नव्हे. हात टोपली शोधतोय एवढंच. दुसरी चूक म्हणजे राहिलेली कामं शुक्रवार-शनिवारवर लोटून दुप्पट राबणं. काही कामं होणारच नाहीत, ती सोडून द्यायची. आणि तिसरी तुमच्यासारख्या हुशार बायकांची खास: चौथ्या आठवड्यात महिला मंडळात ‘शब्बाथ कसा पाळावा’ यावर बोलायला उभं राहणं. सहा महिने कोणाला सांगू नका. मत्तयच्या ६व्या अध्यायातली डाव्या हाताला कळू न देण्याची सूचना इथे फार कामाची आहे.

जबाबदाऱ्या एकदम सोडू नका. रागाच्या भरात दिलेला राजीनामा म्हणजे ‘परत बोलवा ना’ अशी चिठ्ठी असते, आणि कोणी बोलावलं नाही तर वर्षभर जळायला होतं. तिन्हीतलं क्वायर ठेवा. तिथे तुम्ही दुसऱ्याच्या हाताखाली गाता आणि आवाज इतरांत मिसळतो. सेक्रेटरीपद मुदत संपेपर्यंत करा, पुन्हा उभ्या राहू नका. रविवारच्या शाळेचं नेतृत्व जूनपासून सोडत असल्याचं पाळकसाहेबांना आजच्या तारखेने लेखी द्या आणि एक वर्ग साधी शिक्षिका म्हणून मागून घ्या, शक्यतो सगळ्यात लहान मुलांचा. त्या मुलांना तुम्ही कोण होता ते माहीत नसतं.

नाताळच्या कार्यक्रमाचं काय? त्या बाईंना तुमच्याकडची पोशाखांची पेटी आणि मेंढपाळांच्या काठ्या आत्ताच देऊन टाका, सोबत एकही सूचना न देता. त्यांनी विचारलं तरच सांगा आणि विचारलं तेवढंच सांगा. कार्यक्रमाला पुढच्या दोन ओळींत बसू नका, कारण तिथून तुम्ही ओठ हलवाल, हाताने खुणा कराल. गब्रीएल देवदूत झालेला मुलगा संवाद विसरला तर विसरू द्या. कार्यक्रम तुमच्यापेक्षा बरा झाला आणि तेव्हा टोचलं, तर ते टोचणं लपवूही नका आणि त्यावर स्वतःला झोडपूही नका. त्या रात्री त्या बाईंचं नाव घेऊन त्यांच्या भल्यासाठी दोन वाक्यं प्रार्थना करा. मत्सरावर याहून जलद उतारा मला माहीत नाही. याकोबाच्या पत्रात पापं एकमेकांजवळ कबूल करायला सांगितलं आहे, तेही करा, पण एकाच माणसाजवळ. मंडळीत तुमच्या हाताखाली काम न करणारी, मधे न बोलणारी एखादी वयस्क बाई शोधा. प्रार्थनासभेत उभं राहून कबुली देऊ नका. तिथे कबुलीलाही टाळ्या पडतात.

रोजच्यासाठी दहा मिनिटं पुरेत. जेझुइट संघाचा संस्थापक असलेल्या लोयोलाच्या संत इग्नेशियसने दिवस तपासण्याची पाच पायऱ्यांची रीत दिली आहे: आभार, प्रकाश मागणं, दिवस डोळ्यांसमोरून नेणं, क्षमा मागणं, उद्यासाठी कृपा मागणं. अंथरुणात नको, खुर्चीत बसून करा. पण तुम्ही शिक्षिका, तिसऱ्या पायरीला लाल पेन काढाल. म्हणून अर्धा वेळ आभारालाच द्या आणि वहीत काहीही लिहू नका. शेवटी स्तोत्र १३१ म्हणा. तीनच ओव्या आहेत, आठवड्यात पाठ होतील. त्यात दूध तुटलेल्या बाळाचं चित्र आहे. अंगावर पिणारं मूल आईजवळ आलं की काहीतरी मागायला येतं. दूध तुटलेलं नुसतं येऊन बसतं.

मौन साधना चांगली गोष्ट आहे. मे महिन्याच्या सुट्टीत, झोप सुधारल्यावर, मार्गदर्शकासोबत करा. पुण्यात जेझुइट संस्था आहेत, चौकशी केलीत तर वाट सापडेल. पहिले दोन दिवस झोपण्यातच जातात; जाऊ द्या.

राहिली मुलगी. तिच्याशी बोलायला शब्बाथ स्थिर होण्याची वाट पाहू नका, या आठवड्यातच बोला. निकालाचा विषय तुम्ही काढा. ‘तुझे मार्क्स बघून मी दोन दिवस तुझ्याशी नीट बोलले नाही. ते चुकलं. ती माझी भीती होती, तुझा दोष नव्हता.’ एवढंच. ‘पण’ या शब्दाने पुढचं वाक्य सुरू करू नका, आजोबांचं उदाहरण देऊ नका, पुढच्या परीक्षेचं नाव काढू नका. ती मोबाइलमधून मान वर न करता ‘हं’ म्हणेल, असं धरून चला. मग उठून दोघींसाठी चहा टाका. चार वाजून गेले असतील, तर तुमच्यासाठी दूध.